बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘फ्रँकेनस्टाइन’ नाटक शिकवताना

इंग्लंडमधल्या बऱ्याच शाळांत इयर ८ ला, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांना, इंग्रजीच्या तासाला एखादं गॉथिक, म्हणजे गूढ आणि भयाचं, नाटक असतं. मी इथे इंग्रजी आणि नाटक शिकवते. या वयाला कुठलं नाटक घ्यावं असं नवे शिक्षक विचारतात तेव्हा मी ‘फ्रँकेनस्टाइन’ सांगते. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन नावाचा तरुण प्रेतांच्या तुकड्यांतून एक जिवंत प्राणी, ‘जीव’, घडवतो आणि घाबरून त्याला टाकून पळतो, अशी ती कथा. गॉथिकचा सगळा ऐवज त्यात आहे: रात्र, वादळ, बंद खोली, मेलेली माणसं, अपराधाचं ओझं. शिवाय ज्याची भीती वाटायची तोच मध्येच तोंड उघडतो आणि आपली बाजू मांडतो, आणि ती बाजू खरी असते. बारा वर्षांच्या मुलाला हे फार पटकन कळतं.

संहितेचा प्रश्न सोपा आहे. फिलिप पुलमन यांनी शाळांसाठी केलेलं रूपांतर ऑक्सफर्डने १९९० साली छापलं, ते इथे अनेक शाळांच्या कपाटात सापडतं. पुस्तकांचा संच घ्यायला पैसे नसतील तर मेरी शेली यांची मूळ कादंबरी हक्कमुक्त आहे, आणि तिच्यावरून १८२३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेलं रिचर्ड ब्रिन्स्ली पीक यांचं पहिलं नाटकही हक्कमुक्त आहे. मी शालेय संहिता हातात ठेवते आणि अधूनमधून या दोन्हींतले उतारे समोर टाकते. भारतातल्या इंग्रजी शाळेत किंवा मराठीतून एकांकिका बसवतानाही असं करता येईल.

आता मुख्य गोष्ट. नाटक मिळालं की मुलं संवाद वाचतात आणि कंसातला मजकूर, म्हणजे रंगसूचना, ओलांडून पुढे जातात. गॉथिक नाटकाचा जीव नेमका त्या कंसात असतो. कोण कुठे उभा आहे, उजेड कुठून येतोय, काय दिसत नाही, दार उघडायला किती वेळ लागतो. म्हणून माझं सहा आठवड्यांचं नियोजन रंगसूचनांभोवती फिरतं आणि संवाद मागून येतात.

सुरुवात करण्याआधी

हे नाटक मी नोव्हेंबरात घेते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. शेवटच्या तासाला खिडकीबाहेर आपोआप अंधारून येतं. शिवाय व्हिक्टर तो जीव घडवतो ती रात्रही कादंबरीत नोव्हेंबरचीच आहे. पुण्या-मुंबईत पावसाळा जास्त साथ देईल.

वर्गशिक्षकांना आणि पालकांना आधी कळवा. कथेत व्हिक्टरची आई वारते, त्याच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, खून होतो, घरातल्या निरपराध मोलकरणीला, जस्टीनला, फाशी होते. वर्गात नुकतंच कुणी घरचं माणूस गमावलेलं असू शकतं. त्या मुलाला सगळ्यांसमोर ‘तुला चालेल ना?’ असं विचारू नये. आधी बाजूला घेऊन कथा सांगावी आणि ध्वनी, प्रकाश किंवा प्रॉम्प्टिंगचं काम हातात द्यावं. म्हणजे तो वर्गातही राहतो आणि मरणाचे प्रसंग त्याच्या तोंडी येत नाहीत.

एखादे पालक ‘मुलांना असलं कशाला?’ म्हणून येतातच. १८२३ साली पीक यांच्या नाटकाविरुद्धही लंडनमध्ये पत्रकं वाटली गेली होती, घरच्या बायका-मुलींना नेऊ नका म्हणून. तेव्हा तक्रारीला फार घाबरू नका. तासांचं नियोजन दाखवा, कुठले प्रसंग करून दाखवणार नाही ते सांगा.

पहिला तास: दिवे बंद, प्रोजेक्टर बंद

लेखिकेचं चरित्र, गॉथिकची व्याख्या, लक्षणांची यादी यातलं काहीही पहिल्या तासाला नको. व्याख्येने सुरू केलं की मुलं पुढचे सहा आठवडे नाटकात फक्त लक्षणं शोधत बसतात: वादळ, बरोबर, वाडा, बरोबर.

त्याऐवजी नोव्हेंबरच्या त्या रात्रीचं वर्णन मोठ्याने वाचा. रात्रीचा एक वाजलाय, पाऊस काचेवर टपटपतोय, मेणबत्ती संपत आलीय, आणि त्या अर्धवट उजेडात त्या जीवाचा एक फिकट पिवळा डोळा उघडतो. मग वर्गाचे पाच-सहाजणांचे गट करा. प्रत्येक गटाने ही रात्र फक्त आवाजातून उभी करायची. साहित्य बाकावरचं: बोटं, कागद, कंपास पेटी, खुर्चीचा पाय, स्वतःचा श्वास. नियम दोनच. किंचाळायचं नाही, आणि तीस सेकंदांच्या आत कुठेतरी पूर्ण शांतता आली पाहिजे. ऐकणाऱ्यांनी डोळे मिटायचे. खरी मेणबत्ती शाळेत लावता येत नाही, बॅटरीवरची पणती चालते.

किंचाळण्यावरची बंदी फार कामाची आहे. ती नसेल तर चाळीस मिनिटं फक्त किंकाळ्या ऐकाव्या लागतील. असली की मुलं दुसरे मार्ग शोधतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात येतं की भिववतो तो आवाज नव्हे, आवाज थांबल्यावरची वाट पाहणं भिववतं.

मुलं हसतील. या वयात भीती हसण्यातूनच बाहेर पडते. दटावू नका. पीक यांच्या नाटकातही फ्रिट्झ नावाचा घाबरट, हसवणारा नोकर आहे, आणि मध्येमध्ये गाणी आहेत. त्या काळी लंडनमध्ये निव्वळ गद्य नाटक करायचा परवाना मोजक्याच नाट्यगृहांकडे होता, त्यामुळे बाकीच्यांना संगीताची जोड द्यावीच लागे. भयाच्या जोडीला हसू आणि गाणी तेव्हाही होती. फक्त गटाला एवढं विचारा की प्रेक्षकांनी हसावं असं तुम्हाला नेमकं कुठे वाटतंय?

पार्श्वभूमी, पण अर्ध्या तासात

दुसऱ्या तासाला थोडा इतिहास. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने आणि वायूंनी हवामान बिघडलं आणि १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीमध्ये पावसामुळे अडकलेल्या मंडळींना कवी लॉर्ड बायरन यांनी प्रत्येकी एक भुताची गोष्ट लिहायला सांगितली. त्या मंडळींतली मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली, पाचशे प्रती. मराठी वाचकाला ही तारीख ओळखीची वाटेल. त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई चालली होती. इंग्लंडच्या वर्गात मी हे एका वाक्यात सांगते, महाराष्ट्रातल्या वर्गात थोडं थांबून सांगेन. ‘जुन्या काळी’ या धूसर शब्दाला त्याने एकदम जागा आणि दिवस मिळतो.

मुलांना सगळ्यात भावतं ते विज्ञान. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेने झटका दिला. त्यांचा भाचा आल्दिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेतावर तोच प्रयोग केला: जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हाताची मूठ वळली. हे ऐकल्यावर व्हिक्टर त्यांना वेडा वाटत नाही, त्या काळातला एक हुशार विद्यार्थी वाटतो. तपशील इथेच थांबवा. ‘प्रेतं कुठून आणायचे?’ हा प्रश्न येणारच. एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढे चला, नाहीतर तास तिकडेच जातो.

संवाद झाका

तिसऱ्या तासाला नाटक हातात द्या, पण पहिल्या प्रवेशातले संवाद कागदाच्या पट्टीने झाकून. मुलांनी फक्त रंगसूचना वाचायच्या आणि वहीत रंगमंचाचा नकाशा काढायचा: दार कुठे, खिडकी कुठे, दिवा कुठे, प्रेक्षक कुठल्या बाजूला. मग प्रश्न. हे पात्र दाराकडे पाठ करून का उभं आहे? प्रेक्षकाला दिसतं पण पात्राला दिसत नाही असं काय आहे? लेखकाने इथे ‘क्षणभर थांबून’ लिहिलंय, हा क्षण किती सेकंदांचा? शेवटच्या प्रश्नावर भांडणं होतात. होऊ द्या. एकजण दोन सेकंद म्हणतो, दुसरी सात. दोन्ही करून बघा, वर्ग आपोआप निकाल देतो.

संवाद उघडल्यावरही बाकावर बसून आळीपाळीने वाचन टाळा. त्यात वाचणारा एकसुरी होतो आणि बाकीचे आपली पाळी कधी येते ते मोजत बसतात. छोट्या गटांत उभं राहून वाचन, आणि प्रत्येक गटात एकाने केवळ रंगसूचना वाचायच्या. हे काम सगळ्यात चांगल्या वाचकाला द्या, त्याला वाटतं त्यापेक्षा ते अवघड असतं.

दाराआडची निर्मिती

या भागाला पूर्ण आठवडा द्या. मुलांच्या डोक्यात विजांचा कडकडाट, यंत्रं, लिव्हर हे सगळं चित्रपटांतून आलेलं असतं. कादंबरीत यातलं जवळजवळ काहीच नाही. उपकरणांचा ओझरता उल्लेख, पाऊस, विझत आलेली मेणबत्ती, तो डोळा, आणि घाबरून पळालेला व्हिक्टर.

पीक यांनी १८२३ मध्ये वेगळी शक्कल लढवली. प्रयोगशाळा जिन्यावर, दाराआड. प्रेक्षकांना आत काय चाललंय ते दिसतच नाही. नोकर फ्रिट्झ स्टुलावर चढून खिडकीतून डोकावतो, त्याचा चेहरा तेवढा आपल्याला दिसतो. मग आतून व्हिक्टरची आरोळी येते की ते जिवंत झालं, आणि तो बाहेर धावत येतो. दार मागून फुटतं.

वर्गाचे दोन भाग करा. अर्ध्या गटांनी निर्मिती प्रेक्षकांसमोर करायची, अर्ध्यांनी दाराआड. वर्गाचं खरं दार वापरा. प्रत्येकाला तीन मिनिटं, संवाद जास्तीत जास्त चार. मग ज्यांनी समोर केलं त्यांनी दाराआडचं बघायचं आणि उलट. बहुतेक वेळा समोर केलेल्या प्रवेशांत हशा पिकतो आणि दाराआडच्या प्रवेशांत वर्ग पुढे सरकून बसतो. पण कधीकधी एखादा गट समोरही असं काही करतो की बाकीचे गप्प होतात, बहुधा चादरीखालचं एकच बोट हलवून. मग मुलांना विचारा, तुम्ही काय दाखवलं आणि काय लपवलं? गॉथिकच्या व्याख्येतलं मला हवं असलेलं सगळं त्या उत्तरांतून येतं. फळ्यावर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

आणखी एक छोटी गोष्ट, हसू येईल इतकी साधी. कादंबरीत त्या जीवाची उंची आठ फूट आहे. भिंतीवर आठ फुटांवर रंगीत चिकटपट्टी लावा आणि सहा आठवडे तिथेच राहू द्या. इथल्या घरातलं नेहमीचं दार साधारण साडेसहा फुटी. म्हणजे कुठल्याही घरात शिरताना त्याला वाकावंच लागणार. ‘घरात यायला वाकणारा’ असा विचार केला की अभिनय लगेच बदलतो.

त्याचं शरीर, मग त्याची भाषा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि घाई इथेच होते. १८२३ च्या पहिल्या प्रयोगाच्या जाहिरातीत त्या जीवाच्या भूमिकेपुढे नावच नव्हतं, नुसत्या रेघा होत्या. टी. पी. कुक नावाच्या नटाने ती भूमिका केली. पीक यांच्या नाटकात तो जीव बोलतच नाही. मेरी शेली यांनी ऑगस्ट १८२३ मध्ये प्रयोग पाहिला आणि त्यांना ते रिकामं नाव आवडलं. कुक कानावर पडलेले सूर हाताने पकडायचा प्रयत्न करतो, आधार शोधतो, याचं त्यांनी पत्रात कौतुक केलंय. वेशभूषेच्या यादीत त्याचा रंग फिकट निळा किंवा राखाडी दिलाय. चित्रांत आणि मुखवट्यांवर दिसतो तसा हिरवा नाही! मुलांना हे ऐकून फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

तर व्यायाम असा. हात पुढे ताणून चालायला बंदी. एक मूल डोळे मिटून उभं, जगात नुकतंच आलेलं. दुसरं एक आवाज करतं: बासरीचा सूर, पाण्याचा थेंब, कुणाचं हसणं. पहिल्याने त्या आवाजाला शरीराने उत्तर द्यायचं, ओळखीचं नसल्यासारखं. बासरी कुणाला येत असेल तर उत्तम, पीक यांच्या नाटकात त्या जीवाला बासरीच मोहवते. दहा मिनिटांत ‘झोंबी’ नाहीसा होतो.

मग भाषा. कादंबरीत तो जीव द लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात लपतो. लाकडी भिंतीच्या फटीतून तो त्यांना महिनोन्‌महिने पाहतो, ऐकतो, आणि त्यातून बोलायला शिकतो. सफी नावाची परदेशी तरुणी तिथे येते, तिला भाषा शिकवताना तोही चोरून शिकतो. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात जी काही महिन्यांपूर्वीच या देशात आली आहेत. घरी मराठी, तमिळ, पोलिश, उर्दू. इंग्रजी कमी येतं म्हणून त्यांना सहसा दोन ओळींची भूमिका मिळते. हा प्रवेश त्यांच्या हाती सोपवा.

कसं करायचं? झोपडीतलं कुटुंब आपल्या घरच्या भाषेत बोलेल, साधं बोलणं: जेवायला चल, लाकडं आण, थंडी आहे. जीवाची भूमिका इंग्रजीत मुरलेल्या मुलाला द्या. तो फटीतून ऐकेल आणि चार शब्द उचलेल. वर्गात सगळ्यात सफाईने बोलणारा मुलगा ‘जेवायला’ म्हणायला धडपडतो आणि तीन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी त्याचा उच्चार सुधारते. यातून काय शिकायचं ते मुलांना समजावून सांगायची गरज पडत नाही, आणि सांगूही नये. मात्र त्या मुलांना आधी विचारा. काहींना घरची भाषा सगळ्यांसमोर आणायची नसते आणि तो त्यांचा हक्क आहे.

यानंतर आंधळ्या म्हाताऱ्या द लेसीचा प्रवेश. तो एकटा असताना जीव आत येतो, बोलतो, आणि पहिल्यांदाच त्याला माणसासारखं वागवलं जातं, कारण म्हाताऱ्याला तो दिसत नाही. मग बाकीचे परततात आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स त्या जीवाला काठीने मारतो. जीवाचे संवाद इथे चार-पाच मुलांत वाटा, एकामागून एक सगळे तोच होतात. दार उघडण्याच्या क्षणी सगळ्यांनी स्तब्ध व्हायचं. बघणाऱ्यांनी एकेका पात्राजवळ जाऊन त्याच्या मनातलं वाक्य बोलायचं. मारहाण करून दाखवायची नाही, काठी उचललेली पुरे.

याच काळात भिंतीवर एक कागद लावून ठेवा: त्याला कोण, केव्हा, कुठल्या नावाने हाक मारतं. डावीकडे बोलणारा, उजवीकडे शब्द, समोर पान क्रमांक. शेवटच्या लेखनाला हा कागद फार उपयोगी पडतो.

जस्टीनचा खटला

हा भाग एका तासात उरकता येतो, पण टाळू नका. विल्यमच्या खुनाचा आळ जस्टीनवर येतो, व्हिक्टरला खरा प्रकार ठाऊक असतो आणि तो गप्प बसतो. वर्गात न्यायालय भरवा. फक्त व्हिक्टरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसवा आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. बारा वर्षांच्या मुलांना अन्यायाची चीड लवकर येते, तास तापतो. फाशी रंगमंचाबाहेरच ठेवा.

लेखन

इथे माझं थोडं भांडण आहे. इंग्लंडमध्ये मुलांना फार लवकर साच्यातला परिच्छेद शिकवतात: मुद्दा, उदाहरण, स्पष्टीकरण. मग तीस वह्यांत एकच वाक्य येतं, ‘यामुळे तणाव निर्माण होतो’. कुणाचा तणाव? कधी? मी आधी दिग्दर्शकाची टिपणं लिहायला सांगते. नाटकाचं एक पान वहीच्या मध्यभागी चिकटवायचं आणि चहूबाजूंनी लिहायचं: इथे दिवा किती, इथे किती थांबायचं, इथे प्रेक्षकाला काय वाटायला हवं आणि संहितेतल्या कुठल्या शब्दावरून असं म्हणता. विश्लेषण म्हणतात ते हेच. त्या टिपणांतले तीन धागे घेऊन परिच्छेद लिहायला सांगितला की तो बरा उतरतो. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी टिपणं बोलून रेकॉर्ड करावीत.

तपासताना ‘छान’, ‘अजून सविस्तर’ लिहू नका. एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर नाटकात परत जाऊनच देता येईल.

सादरीकरण

शेवटचा आठवडा. प्रत्येक गटाला सहा-सात मिनिटांचा एक प्रवेश. रंगभूषा नको, हिरवा रंग तर नकोच. तालमीला तीन तास पुरतात, त्यातला पहिला पूर्ण ध्वनी आणि उजेडावर घालवा. मूल्यमापनात पाठांतराला गुण देऊ नका, संहिता हातात चालेल. बघायचं ते इतकंच: शांतता कुठे वापरली, काय लपवलं, जीवाचं शरीर बोलतं का, आणि विचारल्यावर आपल्या निवडीचं कारण संहितेतून देता येतं का.

शेवट कुठला घ्यायचा हे गटांवर सोपवा. पीक यांच्या नाटकात हिमकडा कोसळून दोघेही गाडले जातात. कादंबरीत व्हिक्टर जहाजावर मरतो आणि तो जीव खिडकीतून बर्फाच्या लादीवर उडी मारून अंधारात दिसेनासा होतो, मेला की नाही ते कुणी पाहत नाही. हिमकडा वर्गात कसा कोसळवायचा याचे भन्नाट बेत ऐकायला मिळतील, चादरी लागतील, शिपाईकाकांना आधी सांगून ठेवा. ज्या गटाचं कारण ‘हे जास्त भारी दिसतं’ एवढंच असेल, त्यांना दोन्ही शेवट एकेकदा उभे करून बघायला लावा आणि मग परत विचारा.